स्त्रीपार्टी : पुरुषांनी घडवलेली 'आदर्श स्त्री'

१/
१२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी नायिका भामिनीची भूमिका करणाऱ्या नटाचे पहिले अपत्य दगावले. प्रयोग मात्र थांबला नाही. बावीस वर्षांच्या त्या बापाने रंगभूषा केली, साडी नेसली आणि तो भामिनी होऊन प्रेक्षकांसमोर उभा राहिला. त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस.

२/
महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो. पुढील काळात प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांचे पाहून साडी नेसू लागल्या, केसांत फुले माळू लागल्या, दागिन्यांची निवड करू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे, याचा धडा एका पुरुषाने द्यावा, अशी परिस्थिती कशी निर्माण झाली? हा धागा त्याविषयी.

३/
१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तेथून मानतो. त्या नाटकातील सीता पुरुष होता, आणि त्यात कोणाला नवल वाटले नाही. दशावतारातही स्त्रीवेष पुरुषच घेत आणि तमाशात 'नाच्या पोऱ्या' नाचे. स्त्रीवेषातील पुरुष मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा होता.

४/
मग त्या काळी स्त्रिया गात-नाचत नव्हत्या का? गात होत्या, नाचतही होत्या. कलावंतीण, नायकीण, भाविणी यांच्या घरांत संगीताची मोठी परंपरा होती. परंतु चारचौघांत गाणारी स्त्री 'कुलीन' नव्हे, हा समाजाचा दंडक होता. कुलीन स्त्रीने परपुरुषांच्या नजरेसमोर यायचे नाही. जी येते ती कुलीन उरत नाही. या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना स्त्रियाच होत्या. कुंपण घालणारे मात्र दुसरेच होते.

५/
१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले आणि नाटकाचा प्रेक्षक बदलू लागला. वकील, मास्तर, सरकारी नोकर नाटकाला येऊ लागले. हळूहळू त्यांच्या घरच्या स्त्रियाही आल्या. या प्रेक्षकांना नाटक हवे होते, पण ते सभ्य हवे होते. व्यासपीठावर कलावंतीण असती, तर ही कुटुंबे आलीच नसती. स्त्रीवेषातील पुरुष हा त्या सभ्यतेचा दाखला ठरला.

६/
आता या प्रेक्षकांच्या घरात डोकावू. मुलीचे लग्न बहुधा ती वयात येण्यापूर्वी होई. नवरा-बायकोने वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलणेही मर्यादाभंग समजला जाई. अशा घरातील माणसे 'सौभद्र' पाहत होती. त्यात सुभद्रा आपल्या मनातल्या पुरुषासाठी झुरते आणि अखेरीस त्याचीच होते. प्रणयाची भाषा, रुसवा, विरह, मनधरणी हे सारे त्यांनी रंगमंचावर पाहिले, तेही दोन पुरुषांमध्ये चाललेले.

७/
त्यातील एक पुरुष भाऊराव कोल्हटकर असत. त्यांच्या आवाजाने आणि रूपाने एक पिढी वेडावली होती. वय वाढल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले. १८९९ साली आलेल्या गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकात ते तरुण नायक कोदंड झाले. ही उलटापालटही प्रेक्षकांनी सहज स्वीकारली.

८/
'शारदा'चा विषय जरठ-बालाविवाह. आठच वर्षांपूर्वी, १८९१ साली, संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाची वयोमर्यादा १० वरून १२ केली होती आणि त्यावरून पुण्यात मोठे रण माजले होते. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख हजारोंनी ऐकले, ते मुलग्यांच्या कंठातून. केशवराव भोसले यांनी तर बालवयातच शारदा गाजवली. मुलीच्या वेदनेला व्यासपीठ मिळाले. मुलीला मात्र मिळाले नाही.

९/
१९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या नायिका ओळीने पाहा. 'मानापमान'मधील भामिनी मानी आहे, श्रीमंत आहे. तिचा गर्व उतरतो. 'स्वयंवर'मधील रुक्मिणी स्वतः वर निवडते, पण तो साक्षात श्रीकृष्ण आहे. 'एकच प्याला'मधील सिंधू दारूड्या नवऱ्यापायी सर्वस्व गमावते, तरी पातिव्रत्य सोडत नाही.

१०/
ही नाटके खाडिलकर आणि गडकरी यांनी लिहिली आणि बालगंधर्वांनी ती जिवंत केली. लाज, मार्दव, सोशिकपणा, पतीवरची निष्ठा ही जणू बाईच्या रक्तातच असतात, असे प्रेक्षकांना वाटावे, इतका तो अभिनय सहज होता. पण तो सहजपणा मेहनतीने कमावलेला होता. पदर कसा सावरावा, मान किती झुकवावी, याचा सराव करून एक पुरुष 'बाई' होऊ शकत होता. मग बाईतले बाईपण तरी उपजत किती आणि शिकवलेले किती? थिएटरातील प्रत्येक रात्र हा प्रश्न विचारत होती. तो ऐकला फार थोड्यांनी.

११/
दरम्यान खऱ्या स्त्रियांचे काय चालले होते? कलावंत घराण्यातील हिराबाई पेडणेकर यांनी १९०४ साली 'जयद्रथविडंबन' लिहिले, पुढे 'संगीत दामिनी' लिहिले. 'दामिनी' ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. त्या मंडळीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. म्हणजे नाटक बाईने लिहिले, तरी त्यातील बाई पुरुषच झाला.

१२/
चित्रपटाचा आरंभही याच वाटेने झाला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके यांनी तारामतीचा शोध घेतला, तेव्हा वेश्याव्यवसायातील स्त्रियाही तयार होईनात. अखेर एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या.

१३/
मात्र १९१३ सालीच, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. या कमलाबाई म्हणजे अभिनेते चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. त्याच काळात बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या काही मंडळ्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रिया करीत. वेषांतर दोन्ही बाजूंनी चालत होते. गौरव मात्र एकाच बाजूला मिळाला.

१४/
१९२० नंतर हवा पालटली. मुली शाळा-कॉलेजांत जाऊ लागल्या, युरोपीय वास्तववादी नाटके वाचली जाऊ लागली, पुढे बोलपट आला. कॅमेऱ्यासमोर स्त्रिया दिसू लागल्यावर स्त्रीपार्टी नट खटकू लागला. पन्नास वर्षे ज्याला सभ्यतेचा दाखला मानले, त्यालाच आता 'अनैसर्गिक' म्हटले जाऊ लागले. निसर्ग होता तसाच होता. बदलले होते ते समाजाचे डोळे.

१५/
१ जुलै १९३३. 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर आल्या. श्री. वि. वर्तकांचे हे नाटक नॉर्वेचे लेखक ब्यर्नसन यांच्या नाटकावर आधारलेले होते. मूळ नाटकातील नायिका विचारते : लग्नापूर्वीची शुद्धता मुलीकडूनच का मागायची, मुलाकडून का नाही? सिंधूची सहनशीलता पुरुषाने साकारली होती. पुरुषाला जाब विचारणाऱ्या नाटकात मात्र खऱ्या स्त्रिया उभ्या राहिल्या.

१६/
या बदलाची किंमतही कोणीतरी मोजली. स्त्रीभूमिका हेच ज्यांचे आयुष्य होते, त्यांचे वय उलटले आणि मागणीही संपली. बालगंधर्व कर्जात बुडाले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या आणि नायिका झाल्या. पुढे दोघे एकत्र राहिले. पुरुषाला आदर्श स्त्री म्हणून डोक्यावर घेणाऱ्या अनेक चाहत्यांना त्याच्या शेजारी एक मुस्लिम गायिका मात्र सहन झाली नाही. अपयशाचे खापरही अनेकांनी तिच्याच माथी फोडले.

१७/
गोहरबाई १९६४ साली गेल्या, बालगंधर्व १९६७ साली. पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. तेथे आज स्त्रिया सहज वावरतात, गातात, नाटके लिहितात आणि कोणी त्यांचे कूळ विचारत नाही. पुढच्या वेळी 'हे बाईला शोभत नाही' किंवा 'हे पुरुषाला शोभत नाही' असे कोणी म्हटले, तर त्याला एवढेच विचारून पाहा : कोणत्या सालापासून?