उर्दू फळ्यापासून मोबाईलपर्यंत

निजामी राजवटीत हिंगोली भागात माध्यमिक शिक्षण उर्दूतून होई. १९४८ नंतर मराठी माध्यम आले आणि घरी मराठी बोलणाऱ्या गुरुजींनाही गणित-शास्त्राची परिभाषा नव्याने घोकावी लागली. त्यामानाने पुढची यंत्रे सोपीच म्हणावयाची!

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. राज्याने ती कल्पना उचलली. उर्दू पुस्तकांवरही कोड छापले गेले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. गुरुजी व्हॉट्सॲपवर धडे पाठवू लागले. परंतु घरातला एकुलता मोबाईल वडिलांबरोबर शेतावर गेला, की मुलाचा वर्ग बुडे. तेव्हा कित्येक शिक्षकांनी पारावर, ओट्यावर चार-चार मुले बसवून पुन्हा खडू हाती घेतला.