जॉर्ज गॅव्हन डफी : तह, राजीनामा आणि बंदिप्रत्यक्षीकरण

जॉर्ज गॅव्हन डफी (१८८२–१९५१) यांचे नाव पाठ्यपुस्तकांत बहुधा १९२१ च्या अँग्लो-आयरिश तहावर सही करणाऱ्या पाच प्रतिनिधींपैकी एक, एवढ्यापुरतेच येते. त्यांचे खरे महत्त्व न्यायालयात आहे.

जन्म इंग्लंडमधला, बालपण फ्रान्समधल्या नीसचे. लंडनमध्ये सॉलिसिटर असताना १९१६ मध्ये त्यांनी राजद्रोहाचे आरोपी रॉजर केसमेंट यांचे वकीलपत्र घेतले आणि भागीदारी गमावली. १९१८ मध्ये ते सिन फेनतर्फे निवडून आले. तहावर त्यांनी नाइलाजाने सही केली. पुढे ते परराष्ट्रमंत्री झाले. पण यादवी युद्ध सुरू झाल्यावर, जुलै १९२२ मध्ये, एका कैद्याच्या बापाने डॉइल न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. न्यायाधीशाने आदेश काढताच सरकारने ते न्यायालयच बरखास्त केले. डफी यांनी राजीनामा दिला.

१९३६ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. महायुद्ध सुरू होताच खटल्याविना स्थानबद्धतेचा कायदा लागू झाला. ‘मंत्र्यांची खात्री पटली’ एवढे कारण कोणाला डांबण्यास पुरेसे होते. डिसेंबर १९३९ मध्ये बर्क नावाच्या स्थानबद्धाच्या अर्जावर डफी यांनी निकाल दिला : अशी खात्री करून घेणे हे न्यायदानाचे काम आहे, ते मंत्र्याला देता येत नाही, म्हणून हा भाग १९३७ च्या राज्यघटनेशी विसंगत ठरतो. ५३ जण सुटले. तीनच आठवड्यांत आयरिश रिपब्लिकन आर्मीने डब्लिनच्या मॅगझिन फोर्टमधील दारूगोळा पळवला. सरकारने ‘खात्री’च्या जागी ‘मत’ हा शब्द घालून नवे विधेयक आणले. राष्ट्रपतींनी ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले आणि फेब्रुवारी १९४० मध्ये ते वैध ठरले. एका शब्दाच्या अदलाबदलीने स्वातंत्र्य किती आक्रसते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. भारतीय विद्यार्थ्याने ए. के. गोपालन खटला (१९५०) शेजारी ठेवून हा निकाल वाचावा. आपली मार्गदर्शक तत्त्वेही याच आयरिश घटनेवरून घेतली आहेत.

मात्र डफी यांना सरसकट उदारमतवादी म्हणणे चुकीचे होईल. १९४६ पासून ते उच्च न्यायालयाचे अध्यक्ष होते. १९५० च्या टिल्सन खटल्यात प्रॉटेस्टंट पित्याने विवाहापूर्वी दिलेले, मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचे वचन त्यांनी बंधनकारक ठरवले आणि तसे ठरवताना घटनेतील कॅथलिक चर्चच्या विशेष स्थानाचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. एकट्या न्यायमूर्ती ब्लॅक यांनी भिन्नमत नोंदवले.