प्रयोगाचा खर्च कोणी सोसायचा?

शेतीसंशोधनाचा पैसा ज्याच्या हाती, त्याचेच प्रश्न संशोधनात पुढे येतात. अमेरिकेचा इतिहास याची चांगली साक्ष देतो. १८८७च्या हॅच कायद्याने तिथे राज्याराज्यांत प्रयोगकेंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला आणि १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विस्तारसेवा उभी राहिली. प्रयोग शास्त्रज्ञाने करायचा, निष्कर्ष विस्तार अधिकाऱ्याने गावोगाव न्यायचा आणि शेतकऱ्याने तो अमलात आणायचा, अशी कामाची वाटणी पक्की झाली. या वाटणीने उत्पादन वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र खते-औषधांवरचा खर्च कमी करून शेती टिकेल का, हा प्रश्न तीत मागेच राहिला. १९८० साली खुद्द अमेरिकी कृषी खात्याने सेंद्रिय शेतीवर अहवाल काढला, पण सरकार बदलताच त्याचा पाठपुरावा थंडावला.

हा प्रश्न लावून धरला तो अडचणीत सापडलेल्या शेतकऱ्यांनी. त्या दशकात व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले आणि मक्या-सोयाबीनच्या पट्ट्यात कर्जापायी शेतांचे लिलाव होऊ लागले. १९८५ साली आयोवात डिक थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा’ ही संघटना काढली. आपल्याच रानात प्रयोग करायचे आणि निष्कर्ष एकमेकांना दाखवायचे, हा तिचा शिरस्ता. १९८७च्या भूजल संरक्षण कायद्याने याच राज्यात नत्रखत आणि कीटकनाशकांवर शुल्क बसवून त्यातून शाश्वत शेतीसाठी लिओपोल्ड केंद्र सुरू केले. पाठोपाठ १९८८मध्ये संघराज्य सरकारने ३९ लाख डॉलरची पहिली तरतूद केली. पुढे ‘सेअर’ नावाने ओळखली गेलेली योजना ती हीच. १९९२पासून तिच्या मध्य-उत्तर विभागात शेतकऱ्यांना प्रयोगासाठी थेट अनुदान मिळू लागले. अर्ज निवडणाऱ्या मंडळात शास्त्रज्ञांच्या बरोबरीने शेतकरी बसतात आणि निष्कर्ष इतरांपर्यंत कसा पोहोचवणार, हे अर्जातच सांगावे लागते. त्यामुळे शिवारफेरी हा प्रयोगाचाच भाग ठरला.

शेतकऱ्याच्या प्रयोगाला शास्त्राची शिस्त नसते, हा नेहमीचा आक्षेप आहे. एका हंगामात एका कोपऱ्यात पीक जोमदार आले, एवढ्यावर निष्कर्ष काढला तर हा आक्षेप खराही आहे. पण आयोवातल्या शेतकऱ्यांनी याचे उत्तर शेतातच दिले. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब पट्टे आखायचे, जुनी आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी अनेकदा घ्यायची, कोणता पट्टा कोणाला हे नशिबावर सोडायचे आणि विद्यापीठाच्या मदतीने आकडे तपासायचे. नेहमीच्याच यंत्रांनी केलेला असा प्रयोग छोट्या वाफ्यातल्या प्रयोगापेक्षा व्यवहाराच्या जवळ असतो. मूलभूत संशोधनाची जागा तो घेत नाही, आणि तसा दावाही कोणी करू नये.

दुसरा आक्षेप महाराष्ट्राच्या अनुभवातून येतो: शेतकरी अनुदानाशिवायही प्रयोग करतातच की! श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’तल्या द्राक्ष बागाईतदारांनी ते करून दाखवले. पण हातात पैसा खेळवणारे बागायती पीक वेगळे आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड फकिरीची धानशेती वेगळी. तिथे दादाजी खोब्रागडे यांनी तुटपुंज्या जमिनीवर वर्षानुवर्षे निवड करून ‘एचएमटी’ हे धान विकसित केले. ते दूरवर पसरले; विद्यापीठाचा ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाणही त्यातूनच निघाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान त्यांना २००५ साली मिळाला. सन्मान योग्यच होता, पण तोवर सगळी जोखीम त्यांनी एकट्याने सोसली होती. यशानंतरचा पुरस्कार फसलेल्या प्रयोगाची भरपाई करत नाही. जोखमीच्या भीतीने जे प्रयोग सुरूच झाले नाहीत, त्यांची तर कुठे नोंदही नसते.

अर्थात अनुदानही अमरपट्टा घेऊन येत नाही. २०१७ साली आयोवाच्या विधिमंडळाने लिओपोल्ड केंद्राचा निधी काढून घेतला. यावरून अनुदान फोल ठरत नाही; त्याचा पाया राजकीय असतो, एवढे मात्र कळते. म्हणून पेरणीआधी हाती पडणारी रक्कम, निवड मंडळात शेतकऱ्याला मत आणि फसलेला प्रयोगही जाहीर करण्याची मुभा या तीन गोष्टी एकत्र हव्यात. त्या नसतील, तर प्रयोगशील शेतकऱ्याचे सत्कार होत राहतील आणि संशोधनाचे प्रश्न दुसरेच कोणी ठरवत राहील.