नोटेच्या मापाचं यंत्र

भोपाळच्या एटीएममधून निघणारी पाचशेची नोट फार लांबून आलेली असेलच असं नाही. नर्मदाकाठच्या होशंगाबादेत, आताच्या नर्मदापुरमला, १९६८ पासून नोटांचा कागद तयार होतो. देवासला १९७०च्या दशकापासून नोटा छापतात. मराठी माणसाला देवास आठवतं ते पवारांच्या दोन राजगाद्यांमुळे आणि कुमार गंधर्वांमुळे. छापखाना म्हटलं की आपल्याला नाशिकच.

यंत्राचं कूळ मात्र लंडनचं. २७ जून १९६७ रोजी एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेनं पैसे देणारं यंत्र बसवलं. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्मानं शिलाँगचे. त्यात कार्ड नव्हतंच. किरणोत्सारी कार्बन-१४ लावलेलं कागदी व्हाउचर आत सरकवायचं आणि १० पौंड घ्यायचे. शेफर्ड-बॅरन यांच्या मनात ओळखीसाठी सहा आकडी पिन होता, पण पत्नी कॅरोलिन यांना चारच आकडे लक्षात राहत, म्हणून चारावर भागलं, असं ते सांगत. पिनच्या पेटंटचा मान मात्र स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांचा, १९६६चा.

मुंबईत एचएसबीसीनं १९८७ मध्ये भारतातलं पहिलं एटीएम बसवलं. तरी पुढची बरीच वर्षं एटीएम ज्या-त्या बँकेपुरतंच राहिलं. वेगवेगळ्या बँकांची यंत्रं जोडण्यासाठी १९९७ मध्ये मुंबईत ‘स्वधन’ जाळं आलं, पण ते टिकलं नाही. २००४ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेनं नॅशनल फायनान्शियल स्विच उभा केला आणि जोडणीला खरा जोर आला. आता भोपाळमध्ये परक्या बँकेच्या यंत्रात कार्ड घातलं, की पिन सांकेतिक रूपात स्विचमार्गे आपल्या बँकेकडे जातो. तिथे खातं तपासून होकार आला, की मगच आतली पेटी हलते. परक्या यंत्रातून महिन्याला पाच व्यवहार फुकट. सहा महानगरांत तीनच. त्या सहांत पुणं नाही. पुणेकरांनी याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

पेटीला कॅसेट म्हणतात. एका कॅसेटमध्ये एकाच किमतीच्या नोटा असतात. यंत्र त्या एकेक करून ओढतं आणि जाडी मोजतं. दोन नोटा चिकटून आल्या, तर त्या बाद नोटांच्या पेटीत टाकतं. कॅसेट नोटेच्या मापाला बसवलेली असते, आणि घोळ इथेच होतो. ८ नोव्हेंबर २०१६च्या नोटबंदीनंतर आलेली दोन हजारांची नोट ६६ बाय १६६ मिलिमीटर होती, नवी पाचशेची ६६ बाय १५०. नोटबंदीत रद्द झालेल्या दोन्ही जुन्या नोटा ७३ मिलिमीटर रुंद. म्हणजे देशातल्या सुमारे दोन लाख यंत्रांपाशी माणूस पाठवून प्रत्येकाचं माप बदलायचं! नोटा आधी छापल्या आणि कॅसेटींचा विचार मागाहून झाला, असंच म्हणावं लागतं. रांगा लागल्या त्यात याचाही वाटा होता.

एप्रिल २०१८ मध्ये भोपाळसह मध्य प्रदेशातली एटीएमं पुन्हा कोरडी पडली. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी शाजापूरच्या सभेत दोन हजारांच्या नोटा बाजारातून गायब होत असल्याचं म्हणत कटाचा संशय घेतला. त्याच वर्षी जुलैत शंभराची जांभळट नोट जाहीर झाली, ६६ बाय १४२ची. तंत्रज्ञ पुन्हा पाने घेऊन निघाले.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये निदान एक कॅसेट शंभर किंवा दोनशेच्या नोटांची असावी. सुट्या पैशांसाठी पानटपरीवर पाचशेची नोट पुढे करणाऱ्यांना हे फार आधी हवं होतं.