हरिभाऊ आपटे आणि लेखणी धरणाऱ्या स्त्रिया

पुण्याहून आगगाडीने दौंडला यावयास निघाले म्हणजे वाटेत केडगाव लागते. पंडिता रमाबाईंची संस्था तेथे आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. पण रमाबाई ग्रंथकर्त्या होत्या, त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक १८८२ साली निघाले, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी असेल. बायकांनी लिहिलेले विसरण्याची आपली खोड जुनी आहे. म्हणून आज हरि नारायण आपटे यांच्याविषयी बोलताना आम्ही त्यांच्या काळच्या लेखिकांनाही सोबत घेणार आहोत.

हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून १८९३ पर्यंत ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. त्यात यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. लहानपणी लग्न, सासरचा जाच, नवऱ्याच्या संगतीने झालेले थोडेसे शिक्षण, मग वैधव्य आणि बळजबरीचे केशवपन. विलायतेत मेरी अॅन इव्हान्स ही बाई ‘जॉर्ज इलियट’ या पुरुषी नावाने लिहीत होती; १८५८ साली तिचे पुस्तक वाचून, हे बाईच्या हातचे असावे, असे डिकन्सने ताडले. आमच्याकडे उलटे घडले. येथे पुरुषाने बाईचा ‘मी’ घेतला.

हा ‘मी’ त्यांना साधला कसा? याचे उत्तर काही अंशी काशीबाई कानिटकरांच्या घरी सापडते. काशीबाई हरिभाऊंहून तीन वर्षांनी मोठ्या, १८६१ च्या. लहानपणीच लग्न झाले आणि लग्नानंतर, घरच्या वडीलधाऱ्यांची नाराजी सोसून, त्या लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांचे यजमान गोविंदराव यांनी मिल्लच्या स्त्रियांच्या परवशतेवरील ग्रंथाचे मराठी भाषांतर केले. हरिभाऊंचा या कुटुंबाशी स्नेह होता, आणि त्यांनी काशीबाईंना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एका मैत्रीतून एक कादंबरी निघाली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण परक्या बाईशी पुरुषाने बोलणेही जेथे चर्चेचा विषय होई, तेथे जो लेखक एका लेखिकेशी बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार करतो, त्याला माजघरातले बोलणे अधिक स्पष्ट ऐकू आले असेल, यात नवल नाही.

काशीबाई केवळ ऐकवणाऱ्या नव्हत्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले. ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपाने आली. १९२८ च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये तर त्यांनी स्त्रीच्या हाती राज्यकारभार देऊन पाहिला.

आता दुसरी बाजू. हरिभाऊंच्या यमूच्या आठ वर्षे आधी, १८८२ साली, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना खडा सवाल केला होता. ‘मंजुघोषा’सारख्या कादंबऱ्यांत रंगवलेल्या बायकांचाही त्यांनी समाचार घेतला. महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण यमूसाठी महाराष्ट्र रडला आणि ताराबाईंना विसरला, डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक १९७५ साली पुन्हा छापले, तेव्हा लोकांना त्याची आठवण झाली. असे का व्हावे? यमू दुःख सांगते, ताराबाई जाब विचारतात. दुःखाला दया मिळते. जाब विचारणारीला उत्तर द्यावे लागते.

हे आम्हांला अनुभवानेही पटते. कामगारांच्या वतीने बोलण्यात आमचे आयुष्य गेले. आम्ही चांगले बोललो की टाळ्या पडत. पण एखादी विडी वळणारी बाई स्वतः उठून आपल्या मजुरीचा हिशेब मांडू लागली, म्हणजे समोरचे साहेब खुर्चीत चुळबुळ करीत. तिच्यासाठी बोलणारा उपयोगी खरा, पण तिला जागा करून देण्यापुरताच.

हरिभाऊंचे ऋण आम्ही असेच मानतो. त्यांनी जागा केली. ज्या १८९३ साली यमूची कहाणी संपली, त्याच साली शारदासदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कादंबरीतली यमू जे करू शकली नाही, ते या जिवंत बाईने केले. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली आल्या, आणि गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांनी, ‘माझे पुराण’ सांगितले. आता बाईचा ‘मी’ बाईचाच झाला होता.

श्रोतेहो, एवढीच विनंती. शिरूरच्या काय, दौंडच्या काय, वाचनालयात हरिभाऊ असतीलच. त्यांच्या शेजारी ताराबाई, काशीबाई आणि दोघी रमाबाई आहेत का, ते उद्या जाऊन पाहावे. नसतील तर मागणीच्या वहीत त्यांची नावे लिहावीत, आणि आलेले पुस्तक घरी पहिल्यांदा सूनबाईच्या हाती द्यावे.