काकांची खादी आणि आपला किराणा

माधवनगर म्हटलं की जुन्या लोकांना आधी कॉटन मिल आठवते. मिल चालू होती तोवर तिथला पगार गावातल्याच दुकानांत फिरायचा. ती बंद पडली आणि ते चक्रही थांबलं.

पैसा गावात कसा राहील, हा प्रश्न तसा जुनाच. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले ‘सार्वजनिक काका’, जन्मले साताऱ्यात. पुण्यात वकिली करायचे. मँचेस्टरच्या स्वस्त कापडामुळे इथल्या विणकरांचे माग बंद पडत होते. १८७२ साली काकांनी शपथ घेतली: अंगावर फक्त देशी खादी. १८७७ च्या दिल्ली दरबारात, जरीच्या झगमगाटात, ते तेच जाडेभरडे कपडे घालून गेले. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते!

पण काका नुसत्या शपथेवर थांबले नाहीत. देशी मालाची दुकानं निघावीत म्हणूनही ते झटले. कारण माल हाताशी नसेल, तर शपथ किती दिवस टिकणार?

आजही तेच आहे. कोपऱ्यावरचं दुकान आपण गेलो तरच टिकेल. मग या आठवड्यात एक तरी ऑर्डर मोबाइलवरून न करता, कापडी पिशवी घेऊन चालत जाऊन आणाल ना?