जनमत कौल : शंका आणि मतपेटी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली. परंतु सत्तांतराने सर्वांच्या मनातील भय एकाच वेळी नाहीसे होत नाही. गेलेल्या राज्यकर्त्यांचे धर्मबांधव म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते, त्यांना उद्याची धास्ती वाटू लागते. गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या वाट्याला हेच आले.

डिसेंबर १९६३ मधील पहिल्या विधानसभा निवडणुकीत हिंदू बहुजन समाजाच्या पाठिंब्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विजयी झाला व भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षामागे मुख्यतः ख्रिस्ती मतदार होते. पक्षभेद आणि धर्मभेद जवळजवळ एकाच रेषेवर आले. १९६५ साली विधानसभेने महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव संमत केला. बहुजनांना त्यात शिक्षणाची व प्रगतीची वाट दिसत होती. लोकसंख्येत एकतृतीयांशाहून अधिक असलेल्या ख्रिस्ती समाजाला विशाल राज्यात आपण नगण्य ठरू, ही चिंता होती. दोन्ही भावना प्रामाणिक होत्या.

विरोधकांची मागणी एकच होती : विधानसभेतील बहुमताने हा प्रश्न सोडवू नये, थेट लोकांना विचारावे. केंद्राने ती मान्य केली. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी ‘फूल’ आणि ‘दोन पाने’ या चिन्हांवर मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० तर संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली; फरक ३४,०२१.

हे आकडे बोलके आहेत. केवळ ख्रिस्ती मतांवर एवढे मताधिक्य मिळणे शक्य नव्हते. हिंदू मतदारांचा मोठा भागही विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला. या निकालाला मराठीचा पराभव म्हणणेही यथार्थ नव्हे. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील ‘राष्ट्रमत’ने विलीनीकरणविरोधी प्रचार केला तो मराठीतूनच, बा. द. सातोस्करांच्या ‘गोमन्तक’ने विलीनीकरणाचा पुरस्कार केला तोही मराठीतूनच.

पुढे मार्चमध्येच झालेल्या निवडणुकीत याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. राज्य कोणी करावे आणि प्रदेशाचे स्वरूप काय असावे, हे दोन प्रश्न मतदारांनी वेगळे केले. ते वेगळे होताच धर्माची रेषा पुसट झाली. १९८५ नंतरच्या राजभाषा आंदोलनात मात्र रस्त्यावर रक्त सांडले. त्या पार्श्वभूमीवर १९६७ च्या मतपेटीचे मोल अधिकच जाणवते : अल्पसंख्याकांची शंका ऐकून घेतली आणि तिला सनदशीर वाट दिली, तर बहुसंख्याकांचे काही हिरावले जात नाही.